शून्य सेकंदाला लिहिलेल्या ओळी

आमच्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्सवरची प्रणाली बसवून दोनेक वर्षं झाली होती. बटण दाबायचं, कंपनीचं चिन्ह येऊन जायचं, मग काळ्या पडद्यावर एक चक्र फिरत राहायचं आणि वीसेक सेकंदांत पासवर्डची चौकट यायची. तेवढ्या वेळात मी चहाचा कप आणायला उठायचो. एका रात्री लॅपटॉप सुरू होत असताना माझं बोट एस्केपच्या बटणावर पडलं आणि ते चक्र नाहीसं झालं. त्याच्या मागे अक्षरांचा लोंढा वाहत होता. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी खालून येऊन वर निघून जात होत्या, मधूनमधून डाव्या कडेला हिरव्या रंगात ‘ओके’ उमटत होतं. एकही ओळ पुरती वाचून झाली नाही. चहा राहिला. दोन वर्षं हे रोज होत होतं आणि त्यावर एक चित्र झाकलेलं असल्यामुळे मला पत्ता नव्हता, याची चुटपुट लागून राहिली.

त्या ओळी वाहून जात नाहीत, साठून राहतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं. टर्मिनल उघडून ‘डीमेसेज’ ही आज्ञा द्यायची. इंग्रजीतली डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं. उबंटू आणि डेबियनवर अलीकडे तिच्याआधी प्रशासकाचा अधिकार मागणारं ‘सुडो’ लावावं लागतं, कारण या मजकुरातून मेमरीतले पत्ते फुटले तर घुसखोराच्या ते कामी येतात. आज्ञा दिली की सगळं पहिल्या ओळीपासून समोर येतं. माझ्याकडे हजाराच्या वर ओळी निघाल्या. प्रत्येकीच्या आरंभी चौकटी कंसात एक आकडा: कर्नेल जागं झाल्यापासून किती सेकंद लोटले, तो. दशांशचिन्हापुढे सहा घरं, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत हिशेब.

कर्नेल म्हणजे कवचाच्या आतला गर. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा यांच्याशी थेट बोलणारा आणि बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना वाव देणारा हा आतला भाग. उबंटूतला हा भाग म्हणजे लिनक्स. लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनात तो आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक यंत्र त्याच्यावरच चालतं. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत हवामानाची गणितं सोडवण्यासाठी २०१८ मध्ये आलेला ‘प्रत्यूष’ही त्याच गोतावळ्यातला. यंत्र केवढंही असो, जागं होताना कर्नेल बहुधा पहिली ओळ स्वतःच्या ओळखीची लिहितं: ‘लिनक्स व्हर्जन’, पुढे क्रमांक, आपण कुठल्या संगणकावर आणि कुठल्या कंपायलरने घडवले गेलो ते, आणि घडवल्याची तारीख. जन्मपत्रिकेच्या वरच्या चार ओळी असतात तसं.

त्या ओळीच्या आरंभी आकडा असतो शून्य. शून्य पूर्णांक आणि पुढे सहा शून्यं. दुसऱ्या ओळीलाही तेच, तिसरीलाही. माझ्या जुन्या यंत्रावर सुरुवातीच्या कितीतरी ओळी याच शून्याखाली रांगेने उभ्या आहेत. एवढं सगळं एका क्षणात कसं झालं असेल, असं मला आधी वाटलं. खरं कारण कळलं तेव्हा मी पुन्हा पहिल्या ओळीवर गेलो. वेळ जात होता, पण तो मोजणारं घड्याळच अजून कर्नेलच्या हाती आलेलं नव्हतं. म्हणून ते शून्य लिहीत राहिलं.

आणि घड्याळच काय, त्या वेळी कर्नेलकडे काहीच नसतं. डिस्क आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं. पडदा सापडलेला नसतो. एकूण मेमरी किती, हेही अजून विचारायचं असतं. मग ही पहिली ओळ लिहिली कशावर? डिस्कवर लिहायचं तर डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम आधी चालू व्हायला हवा, आणि तो चालू होतानाच काही बिघडलं तर ते सांगायला लिहिण्याची सोय आधी हवी. हा पेच सोडवायची युक्ती साधी आहे. कर्नेल घडवतानाच त्याच्या पोटात या नोंदींसाठी जागा राखून ठेवतात, बहुधा १२८ किंवा २५६ किलोबाइट. कर्नेल मेमरीत उतरलं की ती जागा त्याच्याबरोबरच उतरते. कुणाकडे काही मागावं लागत नाही.

या जागेची रचना विहिरीवरच्या रहाटासारखी असते. पोहरे भरत जातात, आणि फेरा पूर्ण झाला की सर्वांत जुना पोहरा रिकामा होऊन त्यात नवं पाणी येतं. म्हणूनच महिनाभर बंद न केलेल्या संगणकावर डीमेसेज चालवलं तर पहिल्या ओळी कधीकधी सापडत नाहीत. त्यांच्या जागी कालपरवा लावलेल्या पेनड्राइव्हच्या नोंदी आलेल्या असतात. हा रहाट फिरवणारा कोड कर्नेलमधल्या सर्वांत नाजूक कोडपैकी असणार, कारण यंत्र कोसळत असतानाही शेवटची ओळ त्यालाच लिहायची असते. एकाच वेळी अनेक प्रोसेसर लिहायला धावले तरी कुणी कुणासाठी अडून राहू नये, अशा रीतीने तो नव्याने लिहिला गेला आणि २०२० च्या शेवटी ५.१० या आवृत्तीत आला. त्याचा कर्ता जॉन ऑग्नेस.

पडद्याची कथाही अशीच. सुरुवातीच्या ओळींत एक ओळ सांगते की आपला पडदा म्हणजे ‘डमी’ आहे, ८० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच. खरा पडदा मिळेपर्यंत कर्नेल समोर एक नुसता पाट मांडतं. (८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने होते, तिथवर मागे जातो.) पुढे खरा पडदा सापडला की रहाटात साठलेलं सगळं त्याच्यावर एकदम ओतलं जातं. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या लोंढ्यातल्या पहिल्या ओळी त्या क्षणी घडत नसतात. आपण पाहण्याआधीच ते घडून गेलेलं असतं, आणि पडदा मिळाल्याबरोबर कर्नेल मागचं भराभरा सांगून टाकतं.

ओळखीच्या ओळीनंतर थोड्याच अंतरावर मेमरीचा नकाशा येतो. मला तो हुबेहूब सातबारासारखा वाटतो. संगणकाच्या मूळ फर्मवेअरकडून कर्नेल ही यादी घेतं: या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंतचा तुकडा वापरायला मोकळा, हा राखीव, पुन्हा मोकळा, पुन्हा राखीव. प्रत्येक ओळीवर ‘ई८२०’ असा शिक्का. जुन्या संगणकात ही माहिती मागताना प्रोसेसरच्या एका रकान्यात हाच आकडा ठेवावा लागे. विचारण्याची पद्धत बदलली, तरी शिक्का तोच राहिला. पहिला मोकळा तुकडा बहुधा ६४० किलोबाइटच्या आसपास संपतो. १६ जीबीच्या यंत्रात एवढ्याशा जागेवर बांध का? कारण १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये तिथून पुढची जागा पडद्यासाठी राखलेली होती. पहिली वाटणी झाली, मग शेत हजारो पटींनी वाढलं, आणि तो बांध अजून जागच्या जागी आहे.

या नोंदींत सगळीकडे असं जुनं काहीतरी हाताला लागतं. इंटेल पद्धतीचा प्रोसेसर वीज आल्यावर जागा होतो तो १९७८ च्या ८०८६ प्रमाणे, सोळा बिटांच्या रीतीने. तिथून पायऱ्या चढत त्याला आजच्या काळात आणलं जातं. पण मला सर्वांत थक्क केलं ते घड्याळाच्या ओळीने. प्रोसेसरच्या आत ठोके मोजणारा एक गणक असतो, टीएससी. तो धावतो जोरात, पण एका सेकंदात किती ठोके, हे कळल्याशिवाय त्या मोजणीला अर्थ नाही. त्यासाठी वेग ठाऊक असलेलं दुसरं घड्याळ शेजारी ठेवून ताडून पाहावं लागतं. नवे प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच सांगतात. माझ्या यंत्रावरची ओळ म्हणते की मोजमाप ‘पीआयटी’च्या आधाराने केलं. पीआयटी हा मूळ आयबीएम पीसीतला टायमर. सेकंदाला त्याचे ठोके ११,९३,१८२. इतका वेडावाकडा आकडा कुणी का निवडला असेल?

आयबीएमच्या त्या संगणकात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचं एकच स्फटिक होतं. त्या वारंवारतेला ४ ने भागलं की अमेरिकेतल्या रंगीत दूरचित्रवाणीला रंगासाठी लागणारी ३.५८ मेगाहर्ट्झची लय मिळत असे, म्हणजे संगणक घरातल्या टीव्हीला जोडता येई. ३ ने भागलं की ४.७७, ती प्रोसेसरला. १२ ने भागलं की टायमरला १.१९. एका स्फटिकात तिन्ही कामं. रंगांची ती लय अमेरिकेत १९५३ मध्ये मंजूर झालेल्या मानकातली. टीव्ही गेले, ते प्रोसेसर गेले, टायमरची वेगळी चिप जाऊन ती मोठ्या चिपच्या एका कोपऱ्यात सामावली, पण तिचा ताल बदलला नाही. आणि माझ्या टेबलावरचं यंत्र सेकंदाला दोन अब्जांहून अधिक ठोके देणाऱ्या आपल्या प्रोसेसरचा वेग त्या तालावर मोजून घेतं, तेव्हा कुठे वेळ लिहू लागतं. शून्यांची रांग तुटते. कंसात पहिल्यांदा काहीतरी आकडा दिसतो.

त्यानंतर गडबड उडते. एकच प्रोसेसर आतापर्यंत सगळं ओढत होता. तो बाकीच्यांना उठवतो आणि त्यांचे क्रमांक एका ओळीत मांडले जातात. नेटवर्कच्या, सुरक्षेच्या, विजेच्या व्यवस्थेच्या ओळी येतात. २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरमधल्या दोषावर कोणता उपाय लावला, तेही कर्नेल दर वेळी नमूद करतं. यूएसबीच्या खोबणींत काय काय लावलंय याची चाचपणी होते: एक नवं उपकरण सापडलं, क्रमांक दोन, मग त्याचा बनवणारा कोण, मग ते माउस आहे, हे. अंधाऱ्या खोलीत शिरलेला माणूस आधी काहीतरी लागलं म्हणतो, मग लाकडाचं आहे म्हणतो, मग खुर्ची म्हणतो, त्याच क्रमाने. वायफायला आधी ‘डब्ल्यूलॅन शून्य’ असं नाव मिळतं आणि पुढच्याच एका ओळीत ते बदलून, ते कोणत्या जागी जोडलंय त्यावरून नवं ठेवलं जातं.

या धांदलीत एक ओळ सहज नजरेतून सुटते. ती म्हणते, न लागणारी कर्नेलची मेमरी मोकळी केली, अमुक इतके किलोबाइट. कर्नेलमधला काही कोड फक्त सुरू होतानाच लागतो. उपकरणं शोधा, तक्ते मांडा, एकदा हिशेब करा. पुन्हा त्याचं काम नाही. लिहिणारे त्याच्यावर तशी खूण करून ठेवतात, आणि सगळं उभं राहिलं की कर्नेल तेवढा भाग मेमरीतून टाकून देतं. स्लॅब पक्का झाल्यावर सेंट्रिंग काढतात तसं. ज्या कोडने यंत्राला उभं केलं तो आता त्या यंत्रात कुठेच नाही, आणि ती जागा थोड्या वेळाने कदाचित एखाद्या फोटोसाठी वापरली जाईल.

मग कर्नेल पहिला प्रोग्रॅम सुरू करतं. त्याचा क्रमांक एक. बहुतेक यंत्रांवर हा ‘सिस्टमडी’ असतो. लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी २०१० मध्ये त्याची सुरुवात केली. हिरवे ‘ओके’ त्याचे. भारतातल्या वाचकाने त्याच्या ओळींत एक आकडा मुद्दाम शोधावा: ३३०. संगणकाच्या मदरबोर्डवर बटणाएवढ्या सेलवर चालणारं एक घड्याळ असतं आणि लिनक्स ते ग्रीनविचच्या वेळेवर आहे असं धरून चालतं. विंडोज मात्र त्यात स्थानिक वेळ ठेवतं. एकाच लॅपटॉपवर दोन्ही असतील आणि लिनक्सला तसं सांगून ठेवलं असेल, तर सिस्टमडी नोंद करतो की घड्याळ स्थानिक वेळेवर आहे, सबब ३३० मिनिटांचा फरक लावला. साडेपाच तास. हजारभर अनोळखी ओळींमध्ये आपल्या देशाचा रेखांश असा मिनिटांत लिहिलेला पाहिला, तेव्हा परक्या गावच्या स्टेशनवर मराठी पाटी दिसावी तसं मला झालं. त्या बटणसेलने मान टाकली की तारीख कधीकधी १ जानेवारी १९७० वर जाते, कारण यूनिक्सची कालगणना तिथून सुरू होते. आणि आपल्याकडे त्या दिवशी पहाटेचे साडेपाच वाजलेले दिसतात, तेही याच फरकामुळे.

डिस्कच्या ओळी मी आता लक्ष देऊन वाचतो, विशेषतः आदल्या दिवशी लाइट गेली असेल तर. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था पुस्तपालनातल्यासारखी चालते: आधी रोजकीर्दीत नोंद, मग खातेवहीत. खातेवहीत लिहिता लिहिता वीज गेली, तरी पुढच्या वेळी सुरू होताना रोजकीर्द वाचून राहिलेलं पुरं करता येतं. त्या वेळी ‘रिकव्हरी पूर्ण’ अशा अर्थाची ओळ येते. आणि एखादे वेळी तिच्यासोबत दुसरी: दोन अनाथ नोंदी पुसल्या. अनाथ हाच शब्द, ‘ऑर्फन’. एखादी फाइल पुसली, पण कुठला तरी प्रोग्रॅम ती अजून उघडून बसलाय, तर तिचं नाव जातं आणि मजकूर मागे राहतो. तो प्रोग्रॅम बंद झाला की तोही जाणार असतो. तेवढ्यात वीज गेली, तर ना नाव, ना वापरणारा, असा तो मजकूर डिस्कवर पडून राहतो. कर्नेलने त्याची वेगळी यादी ठेवलेली असते. सुरू होताना, बाकी कुणी डिस्कला हात लावायच्या आधी, ते या यादीपाशी जातं.

एकदा माझा लॅपटॉप सुरू व्हायला दोन मिनिटं घेऊ लागला. रोज. एस्केप दाबून पाहिलं तर एका ओळीपुढे तांबड्या चांदण्या डावीउजवीकडे सरकत होत्या आणि कंसात सेकंद वाढत होते: इतके झाले, एकूण दीड मिनिट. अमुक डिस्कची वाट पाहतो आहे, असं ती ओळ सांगत होती. मी ती दुसरी डिस्क महिन्यापूर्वी काढून एका भाच्याला दिली होती आणि जोडायच्या डिस्कच्या यादीतून तिचं नाव काढायचं राहून गेलं होतं. सिस्टमडीची नेहमीची मुदत ९० सेकंदांची. तेवढा वेळ तो रोज तिच्यासाठी थांबायचा, मग ती येत नाही अशी नोंद करून पुढे जायचा. एक ओळ पुसली आणि थांबणं संपलं. त्या चक्राकडे जन्मभर पाहत बसलो असतो तरी हे कळलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून सुरुवातीच्या चित्राची सक्ती कुणावर असू नये. कर्नेलला मेमरीत आणणाऱ्या ‘ग्रब’ या प्रोग्रॅमच्या यादीत ‘ई’ दाबून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढले की तेवढ्या एका खेपेला सगळं उघडं दिसतं. मुलांना एकदा तरी दाखवावं.

‘क्वाएट’ असतानाही कर्नेल लिहायचं थांबत नाही, फक्त पडद्यावर मोजकंच येऊ देतं. प्रत्येक ओळीला शून्य ते सात अशी पायरी असते. सात म्हणजे तपशील, शून्य म्हणजे आणीबाणी. ‘क्वाएट’मध्ये शून्य ते तीन एवढ्याच ओळी दिसतात. लाल ओळी पाहून घाबरू नये. कित्येकदा तो फर्मवेअरमधला जुना दोष असतो आणि कर्नेल तसं सांगून त्याला वळसा घालतं. एक ओळ मला फार आवडते. हार्डवेअरकडून तातडीची हाक आली आणि तिचं कारणच सापडलं नाही, तर कर्नेल लिहितं की मी गांगरलोय, चक्रावलोय, पण पुढे चालत राहायचा प्रयत्न करतोय. लिहिणाऱ्याने ते खरं तेच लिहिलंय. कारण माहीत नसलं की नसलं म्हणून सांगायचं, आणि काम चालू ठेवायचं.

डिस्क हाती आली की रहाटातल्या ओळी सिस्टमडीच्या नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, उतरवल्या जातात. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेला ‘डॅश बी’ जोडलं की या खेपेची कथा, आणि पुढे उणे एक दिलं की मागच्या खेपेची, जर्नल डिस्कवर ठेवायची सोय चालू असेल तर. प्रत्येक खेपेला कर्नेल स्वतःला ३२ अक्षरी यादृच्छिक नाव देतं. लॅपटॉप जितक्या वेळा सुरू झाला तितकी नावं, तारखांसकट. माझ्या यादीत एका रात्री तीन खेपा आहेत, पाऊस होता आणि लाइट येत-जात होती.

मागच्या खेपेचा शेवट वाचायला मी एकदा मुद्दाम गेलो. सेवा एकेक करून थांबतात, डिस्क सोडल्या जातात, आणि मजकूर तुटतो. नोंदी लिहून घेणारा प्रोग्रॅम तिथे स्वतःच थांबतो. कर्नेल मात्र त्यानंतरही थोडा वेळ जागं असतं. डिस्क मिटलेली, घड्याळ चालू, पहिल्या क्षणाची ती पोटातली जागा अजून जवळ आहे. तिच्यात ते आणखी एक ओळ लिहितं: ‘पॉवर डाउन’. तिची पायरी शून्य, म्हणून ‘क्वाएट’ असलं तरी तिला पडद्यावर यायची मुभा आहे. लॅपटॉप बंद करताना मी हल्ली झाकण लगेच मिटत नाही. काळ्या पडद्यावर ती ओळ येते, पापणी लवते न लवते तोच वीज जाते, आणि ती ज्या मेमरीत लिहिलेली असते ती मेमरीही.